बाबांची उसंत

४ जानेवारी

खोकला आज चार महिन्यांचा झाला. एवढ्या वयात मूल पालथं पडायला लागतं. इथे खोकल्याने मलाच पालथं पाडलंय.

डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो बघितला, पाठीवर टकटक केलं आणि दीर्घ श्वास घ्या म्हणाल्या. दीर्घ श्वास घेता आला असता तर त्यांच्याकडे कशाला गेलो असतो? मग एक छापील तक्ता दिला. खोकला कधी आला, काय खाल्लं, कुठे होता, हवा कशी होती. "रोज भरा, काही लपवू नका," म्हणाल्या. बाईंचा चेहरा कायम काडेचिराईत प्यायल्यासारखा. हसण्याचं पथ्य असावं.

तक्ता त्यांच्यासाठी, ही वही माझ्यासाठी. तक्त्यात खरं लिहीन, वहीत सगळं.

तर मी नगरपालिकेच्या बँडमध्ये ट्यूबा वाजवतो. ट्यूबा म्हणजे बँडमधलं सगळ्यात मोठं पितळी वाद्य, मांडीवर मूल घ्यावं तसं घेऊन वाजवायचं, फक्त हे मूल कधी मोठं होऊन कामाला लागत नाही. आमची ट्यूबा बाबांची. त्यांनी बावीस वर्षं वाजवली, मी सव्वीस वर्षं वाजवतोय. घरात तिला थोरली म्हणतात. हे नाव बायकोने लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात ठेवलं आणि त्या हिशेबाने स्वतःला धाकटी म्हणवून घेतलं. थोरलीला स्वतंत्र खोली आहे. धाकटीला नाही.

वीस मार्चला नवा पूल उघडणार आहे. आमच्या बँडमास्तरांनी त्यासाठी रचना बांधली आहे आणि तिच्यात तीन मिनिटं फक्त ट्यूबा. सव्वीस वर्षं मी कोपऱ्यात बसून पों-पों करतोय. लोकांनी माझ्याकडे मान वळवून बघितलं ते मी शिंकलो तेव्हा. आणि आता तीन मिनिटं! बरोबर मधोमध मास्तरांनी कागदावर लिहिलंय, 'इथे बाबांची उसंत.'

बाबांची उसंत जुन्या लोकांना अजून आठवते. ऐन रंगात आले की बाबा मध्येच थांबायचे. क्षणभर. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा, आणि मग पुन्हा सूर. त्या थांबण्यावर टाळ्या पडायच्या. मास्तर तेव्हा नवीन होते, बाबांच्या शेजारी बसून ट्रंपेट वाजवायचे. ते म्हणतात, असं थांबणं शिकवून येत नाही, रक्तात असावं लागतं. मला ती पंचवीस वर्षं साधली नाही. गेल्या वर्षापासून मात्र आपोआप यायला लागली आहे. पिकायला वेळ लागतो काही गोष्टींना.

अडचण एकच. पंधरा मार्चला कर्मचाऱ्यांची वार्षिक तपासणी. नळीत फुंकायचं, यंत्र आकडा सांगतं. आकडा कमी आला की बँडमधून उचलून जन्म-मृत्यू दाखल्यांच्या खिडकीवर बसवतात. गेल्या वर्षी काठावर सुटलो.

७ जानेवारी

खोकला झाला की माणूस सार्वजनिक मालमत्ता होतो. आज दिवसभरात मिळालेले सल्ले: आलं-मध (आई), वाफ (धाकटी), कुशीवर झोप (मास्तर), पालथा झोप (अग्निशमन दलाचा ड्रायव्हर, त्यांच्याच शेडमागे आमचा सराव चालतो), झोपूच नकोस (ढोल्या). ढोल्या मोठा ढोल वाजवतो आणि आकारानेही तो त्याच घराण्यातला आहे. त्याने एका काढ्याची बाटली आणून दिली. कशाचा काढा विचारलं तर म्हणाला, "पी ना गप. माझ्या सासऱ्यांना लागू पडला." त्याचे सासरे वारले त्याला सहा वर्षं झाली.

घरातही धरपकड सुरू आहे. दही हद्दपार. कापसाची उशी हद्दपार. आता संशय खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या मांजरावर. पिल्लू होतं तेव्हा ते थोरलीच्या कर्ण्यात झोपायचं. हल्ली कर्ण्याशी जातं, हुंगतं, तोंड वाकडं करून परत येतं. पण केस पाडले असणारच. खालच्या बाईंना सांगून त्याची रवानगी त्यांच्या बहिणीकडे करवली. बाई आता जिन्यात भेटल्या की भिंतीकडे बघतात.

१३ जानेवारी, रविवार

आज मी तक्ता नीट मांडून बघितला आणि शोध लागला.

सोमवार ते शनिवार सकाळी आठ ते अकरा नेहमीप्रमाणे सराव. दुपारी ठणठणीत. संध्याकाळी पाचच्या सुमारास अंगात कणकण, थंडी, खोकला आणि छातीवर कोणीतरी बसकण मारल्यासारखं. रविवारी यातलं काही नाही. आता संध्याकाळी पाचला काय होतं? चहा. सोमवार ते शनिवार चहा धाकटी करते. रविवारी मी करतो.

हे मी तिला शांतपणे समजावून सांगितलं.

उद्यापासून चहा सातही दिवस मी करायचा आहे. भांडीही.

१९ जानेवारी, शनिवार

चहा मीच करतोय. खोकला आहे तसाच.

शनिवार म्हणजे थोरलीला घासायचा दिवस. बाबांच्या वेळेपासूनचा नेम. पितळ इतकं लखलखीत की त्यात बघून दाढी करावी. आज धाकटी बादली घेऊन आली. म्हणाली, "आतूनही एकदा धुऊन काढू या. अठ्ठेचाळीस वर्षांची उष्टी फुंकर भरलीय तिच्यात."

आई आतल्या खोलीतून काठी न घेता आली, म्हणजे प्रकरण गंभीर. "सूनबाई, हात लावायचा नाही. आतून पाणी लागलं की सूर धुऊन जातो. ह्यांनी मला बजावून सांगितलंय."

"पण आई, वास येतो."

"जुन्या माणसांनाही येतो. मला धुवायला काढशील?"

धाकटी बादली घेऊन निघून गेली. मी आईच्या बाजूने. खालच्या कळीतून साठलेलं थुंकीचं पाणी रोज काढतो, तेवढं पुरे. सूर काय दुकानात मिळतो?

मग आई जरा मऊ झाली. "ह्यांनाही असाच खोकला होता रे. पण माझ्या माहेरी आठ दिवस राहिले की खडखडीत बरे. आमच्या विहिरीच्या पाण्याचा गुण. ही थोरली गाडीत मावायची नाही, म्हणून वाजवायचीही दगदग नसायची. परत आले की पुन्हा चालू. इथलं पाणी जड." मला म्हणाली, मामाकडे जाऊन ये. मामाने ती विहीर बुजवून वर गॅरेज बांधलंय. पण ते तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.

३ फेब्रुवारी

थोरलीची मधली कळ अडकली. पितळकामवाल्या काकांकडे नेली. काकांनी कर्ण्याला नाक लावलं आणि चटकन मागे झाले. "आत काय मेलंय का? धुऊ का?"

मी म्हटलं, "कळ तेवढी बघा." लोकांना दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची फार हौस. बारा दिवस लागतील म्हणाले. तोवर सरावाला मी कागद धरून बसायचं आणि तोंडाने पों-पों म्हणायचं, असा मास्तरांचा हुकूम.

१० फेब्रुवारी

खोकला गेला!

चार दिवस कणकण नाही. आज चारही मजले एका दमात चढलो. वर पोचल्यावर कोणी बघायला नव्हतं म्हणून खाली जाऊन धाकटीला घेऊन पुन्हा चढलो. ढोल्याच्या काढ्याचा गुण, शिवाय मांजर गेलं. डॉक्टरीणबाईंनी तीन महिने छातीचे फोटो काढून जे जमलं नाही ते एका मांजराने गाव सोडून करून दाखवलं.

एकच बिनसलंय. घरी तोंडाने ती तीन मिनिटं म्हणून बघतो तर उसंतीच्या जागी थांबायला विसरतो. सरळ पुढे निघून जातो. बाबांची देणगी आहे, लहरी असणारच. थोरली हातात आली की येईल.

१६ फेब्रुवारी

काल थोरली आली. लेकरू परत आल्यासारखा आनंद झाला. सकाळी चार तास वाजवली. संध्याकाळी सहाला दोन गोधड्यांत कुडकुडत होतो आणि धाकटी कपाळावर घड्या ठेवत होती.

आज कळलं की मांजरही कालच परत आलंय. आता याहून जास्त पुरावा काय हवा?

उसंत मात्र आली. एक नाही, तीन आल्या.

२१ फेब्रुवारी

आज लिहावंसं वाटत नव्हतं.

सरावात त्या तीन मिनिटांत पाच वेळा थांबलो. मास्तरांनी इशाऱ्याची काडी खाली ठेवली. सगळ्यांना चहाला पाठवलं आणि माझ्या शेजारी येऊन बसले. "उसंती जरा जास्त होतायत," म्हणाले. वाईट बोलता येत नाही त्यांना. "पुढच्या आठवड्यात बघू. नाहीच जमलं तर ट्रंपेटला देऊ. वाईट वाटून घेऊ नकोस."

घरी येताना दुसऱ्या मजल्यावर बसावं लागलं. थोरली ढोल्याने वर नेली. तो काही बोलला नाही, आणि ढोल्या गप्प म्हणजे माझं तोंड भलतंच दिसत असणार. धाकटीने दार उघडलं आणि माझ्या निळसर पडलेल्या ओठांकडेच बघत राहिली.

मला भीती वाटते. हे तक्त्यात कुठे लिहायचं त्याला रकाना नाही. बाबा अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले. मी एक्कावन्नाचा आहे. पुलाचं जाऊ दे असं लिहिणार होतो, पण जाऊ द्यावंसं वाटत नाही.

२३ फेब्रुवारी

(कॅलेंडरच्या पाठीवर लिहितोय.) वही सापडत नाही. सगळं घर पालथं घातलं. धाकटी म्हणते, "असेल कुठेतरी." ज्या सुरात म्हणते त्यावरून ती कुठे आहे हे तिला ठाऊक आहे.

२६ फेब्रुवारी

वही डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर होती.

धाकटीनेच नेऊन दिली. म्हणाली, "तक्त्यात तुम्ही नाहीच आहात. वहीत आहात." सगळी वाचलीस का विचारलं, तर म्हणाली, चहाचं पान तेवढं वाचलं, दोनदा.

बाईंनी मला समोर बसवलं. पहिलंच पान उघडं. "काडेचिराईत खोकल्यावर देत नाहीत," त्या म्हणाल्या. "तापावर देतात." चेहरा तसाच. धरणी दुभंगली असती तर मी खुर्चीसकट आत गेलो असतो.

मग त्यांनी पानं उलटून दाखवली. जिथे जिथे 'सराव' आणि 'वाजवली' लिहिलंय तिथे लाल पेन्सिलीने गोल. 'उसंत' शब्दालाही गोल आणि पुढे प्रश्नचिन्ह. संगीतातलं बाईंना काय कळणार, म्हणून त्याचा अर्थ विचारला नाही.

"तक्त्यात दही आहे, उशी आहे, मांजराचा पत्ता आहे," त्या म्हणाल्या. "रोज तीन तास एका नळीला तोंड लावून तुम्ही श्वास घेता, ते कुठेय?"

"ते वाजवणं झालं. तो काय आजार आहे?"

"कधी धुतली?"

"दर शनिवारी घासतो. तोंड दिसतं तिच्यात."

"आतून."

बाईंनी समजावलं. आत ओल, थुंकी आणि काळोख, म्हणजे बुरशीला राजवाडाच. वाजवताना मी घाईत तिच्यातूनच श्वास ओढतो, ते सगळं फुफ्फुसात जातं आणि फुफ्फुसं पाच-सहा तासांनी चिडून उठतात. रविवारी सुट्टी, म्हणून रविवारी बरं. कळ अडकली, म्हणून बारा दिवस बरं. जेवढं फुफ्फुस बिघडलंय तेवढं सगळं परत मिळेलच असं नाही. उरलेलं वाचवता येईल. गोळ्या दिल्या, वही मात्र ठेवून घेतली, म्हणून अजून कॅलेंडरच्या पाठीवरच लिहितोय.

मला पटेना. म्हटलं, "बाबांनी बावीस वर्षं अशीच वाजवली. त्यांना काही झालं नाही."

"ते कशाने गेले?" बाईंनी विचारलं.

दम्याने गेले असं आम्ही म्हणतो, असं मी म्हणालो. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

२७ फेब्रुवारी

सराव नाही. मास्तरांना सगळं सांगितलं, ते म्हणाले तीन मिनिटं तुझ्यासाठी राखून ठेवतो. संध्याकाळी कणकण नाही. मांजराला जिन्यात बघितलं. मान खाली घातली, मी.

२ मार्च, शनिवार

थोरलीला आज न्हाऊ घातलं. पितळकामवाल्या काकांकडे. मी जवळ उभं राहायचं नाही असं बाईंनी बजावलेलं, म्हणून रस्त्याच्या पलीकडच्या बाकावर नाकाला फडकं बांधून बसलो. आई हट्टाने आली. सुरुवातीला म्हणत होती, माझ्या जिवंतपणी नाही. मग धाकटीने तिला बाईंचं सगळं बोलणं सांगितलं, मी सांगू शकलो नाही. आई चपला घालून दारात उभी राहिली. "चला. माझ्या नवऱ्याची वस्तू आहे, मी बघणार."

काकांनी नळ्या सोडवल्या. कोमट पाणी, साबण, लांब दांड्याचा ब्रश. पहिलं पाणी चहासारखं आलं. दुसरं डांबरासारखं. मग हिरव्या-काळ्या लिबलिबीत गाठी, एकामागून एक, संपेनात. मांजराचा एक केस निघाला नाही. काका आपले ब्रश घालतायत आणि आई बादलीत बघतेय. मला पलीकडून तिचा चेहरा दिसत नव्हता.

नंतर ती बाकावर येऊन बसली. म्हणाली, "ही घरात आली त्याच्या दुसऱ्याच वर्षी मी हिला आतून धुवायला काढलं होतं. मला कळत होतं, वास येत होता. ह्यांनी तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी म्हणाले, आतून पाणी लागलं की सूर धुऊन जातो. मी मानलं."

थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे आमच्या विहिरीचं पाणी साधंच होतं."

"चांगलं होतं की, आई."

"साधं होतं." मग धाकटीकडे वळली. "तू बादली आणलीस तेव्हा मी तुला बोलले."

"बोललात," धाकटी म्हणाली. "पण मी बादली मोरीत परत नेली नव्हती. दाराशीच ठेवली होती."

आईने तिचा हात धरला आणि रस्ता ओलांडेपर्यंत सोडला नाही. मी मागे, फडक्यातून नाक पुसत. बुरशीमुळे नव्हे.

१५ मार्च

नळीत फुंकलं. धुतलेली ट्यूबा, गोळ्या, अडीच आठवड्यांचा आराम, एवढं सगळं जमेला धरूनही आकडा कमीच आला. गेल्या वर्षीपेक्षाही कमी. एक एप्रिलपासून सहा महिने जन्म-मृत्यू दाखल्यांच्या खिडकीवर. मग पुन्हा तपासणी. आकडा सुधारला तर परत बँडमध्ये.

बाईंशी घासाघीस केली. दहा मिनिटं मागितली, दोनदा तीन मिनिटं मिळाली. एकदा तालमीत आणि एकदा पुलावर. "आणि मध्ये दम लागला तर सरळ खाली ठेवा," म्हणाल्या. उठताना वही परत दिली. शेवटच्या पानावर लाल पेन्सिलीने लिहिलंय, 'चहा कोण करतं आता?' बाई हसतात. पेन्सिलीने हसतात.

गोळ्यांनी भूक राक्षसासारखी लागते आणि गाल फुगलेत. ढोल्या म्हणतो, आता खरा ट्यूबावाला दिसतोस.

२० मार्च

पुलावर वारा होता. पाहुणे कात्री घेऊन उभे, फीत ताणलेली. ठरलं होतं असं की माझी तीन मिनिटं संपली की त्यांनी फीत कापायची. आई आणि धाकटी पहिल्या रांगेत. डॉक्टरीणबाईही आल्या होत्या, मागे, चेहरा तोच.

मास्तरांनी माझ्याकडे काडी वळवली. सगळ्यांच्या माना वळल्या. शिंकलो नव्हतो तरी.

सूर धुऊन गेला नव्हता. परवा तालमीतच कळलं होतं, पण खरं वाटलं ते आज. थोरलीचा आवाज पोटातून येत होता, स्वच्छ, आणि माझी छाती त्याच्या मागे उभी होती. जेवढी उरली आहे तेवढी, पण उभी. उसंतीची जागा आली तेव्हा श्वास अजून शिल्लक होता. सरळ पुढे जाता आलं असतं. पण कागदावर बाबा लिहिलेले होते. म्हणून ठरवून थांबलो.

जरा जास्तच थांबलो. बाबांचा विचार करत राहिलो. पाहुण्यांना वाटलं संपलं, त्यांनी कचकन फीत कापली. मास्तरांची काडी हवेत. मग मी पुन्हा सुरू केलं, आणि कापलेल्या फितीची दोन टोकं दोन हातांत धरून, काही तुटलंच नाही असं दाखवत पाहुणे शेवटपर्यंत उभे राहिले. लोक हसले, मग टाळ्या पडल्या. मास्तर डोळे पुसत म्हणाले, "अगदी बाबांसारखी!" ढोल्याने आनंदाच्या भरात नको तिथे ढोल बडवला.

येताना पुलावरून चालत आलो. थोरली ढोल्याच्या खांद्यावर, धाकटी त्याच्याबरोबर पुढे. मी आईबरोबर मागे, आता आमचा दोघांचा वेग एकच आहे.

"एवढं नव्हते हं थांबत ते," आई म्हणाली.

"हो, लांबलंच जरा."

"ते लगेच सुरू करायचे. कोणाला कळू नये म्हणून घाई करायचे."

"काय कळू नये?"

"दम लागलाय ते."

मी कठड्याला हात टेकला. वहीतला तो लाल गोल आठवला, प्रश्नचिन्हासकट. "तुला माहीत होतं?"

"शेजारी झोपायचे मी त्यांच्या. मला माहीत नसेल तर कोणाला?"

"मग सांगितलं का नाहीस? त्यांना, डॉक्टरला, कोणालातरी?"

आई नदीकडे बघत होती. "कसं सांगणार रे," ती म्हणाली. "लोक टाळ्या त्यालाच वाजवायचे."